'येजो' आणि 'यावे'

'येणे' या क्रियापदाचे 'येजो' हे वऱ्हाडी रूप अशुद्ध किंवा उर्मट आहे, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो बरोबर नाही. वाशीम जिल्ह्यातल्या किन्हीराजा परिसरासह वऱ्हाडात 'ये' आणि 'येजो' यांत नेमका फरक केला जातो. 'ये' म्हणजे आत्ता ये. 'येजो' म्हणजे पुढे, सवडीने ये. अनेकांना किंवा आदराने सांगताना 'येजा' म्हणतात. प्रमाण मराठीला हा फरक एका रूपात दाखवता येत नाही, आणि ही बोलीची खरी श्रीमंती आहे.

निरोप घेताना गुजराती माणूस 'आवजो' म्हणतो, तेव्हा त्यात कोणालाही हुकूम ऐकू येत नाही. 'येजा'चा भाव तोच. प्राकृतातही 'करेज्जा' यांसारखी 'ज'कारयुक्त विधिरूपे होती.

प्रमाण मराठीत औपचारिक विनंतीसाठी विध्यर्थ (कर्तव्य, इच्छा, शक्यता सुचवणारे क्रियारूप) वापरतात: 'आपण यावे'. हेच रूप 'त्यांनी यावे असे वाटते' या वाक्यात इच्छा दाखवते. स्पॅनिशमध्येही 'वेनीर' (येणे) या क्रियापदाचे 'वेंगा' हे रूप आदरार्थी आज्ञेत येते आणि 'त्यांनी यावे अशी इच्छा आहे' अशा वाक्यातही तेच येते.

लग्नपत्रिकेवर 'अगत्य येण्याचे करावे' असे छापलेले असते. ती हाती देणारा मात्र 'लग्नाले येजा बरं' म्हणतो. दोन्हींत आग्रह सारखाच असतो.