‘म्हणून’ आणि अटक

‘नाव सांगेना म्हणून धरले’ असे वाक्य नांदेड-लातूरच्या बाजारात कानी पडले, तर त्यातील ‘म्हणून’ कारणवाचक होय. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (२०२३) कलम ३९ मधील अटक मात्र हेतुवाचक ‘म्हणून’ची आहे: नाव व वास्तव्य कळावे म्हणून. अदखलपात्र अपराधातही ती करता येते ती एवढ्यासाठीच. ती शिक्षा नव्हे. दोन्ही गोष्टी कळताच बंधपत्र वा जामीनपत्र घेऊन सोडणे भाग आहे. चोवीस तासांत न कळल्यास तत्काळ दंडाधिकाऱ्यापुढे नेणे. १९७३ च्या संहितेतील कलम ४२ चाही आशय हाच होता. जात, ‘कुणाचा?’ हे आपले नेहमीचे प्रश्न तेथे नाहीत. ‘वास्तव्य’ तेवढे अवघड. ऊसतोडीस लातूरकडे आलेल्या मुखेडच्या मजुराने कोपीचा ठिकाणा सांगितला, तर तो खोटा मानू नये, असे आम्हांस वाटते.