कोरीव पलंग आणि दोघांची खोली

घरात लग्न ठरले की आपली नजर प्रथम शहरातल्या फर्निचरच्या दुकानाकडे वळते. माळ्यावर आजोबांच्या वेळचा कोरीव पलंग सुटा करून ठेवलेला असतो. तो मोडीच्या भावाने जातो आणि त्याच्या जागी दाबलेल्या भुशाच्या फळ्यांचा पलंग हप्त्याने येतो. आमच्या घरीही हेच घडले. आजीचा शिसवी पलंग मी स्वतः हातगाडीवर चढवून दिला. नव्या पलंगाच्या फळ्या तिसऱ्या पावसाळ्यात फुगल्या. तेव्हा ही चूक करून बसलेल्या माणसाचे चार शब्द ऐका.

नवराबायकोची खोली उबदार वाटावी, यासाठी तीत पुष्कळ सामान लागते असे नाही. पुण्यातला दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा पाहा. तिथे नक्षी आहे ती दर्शनी खांबांवर आणि सज्ज्यावर. प्रत्येक भिंत काही कोरलेली नाही. म्हणूनच नक्षीवर डोळा ठरतो. हाच नियम आपल्या दहा-बारा फुटी खोलीला लावावा. कोरीव वस्तू एकच, पलंग. फार तर जोडीला आरशाची चौकट. बाकी भिंतींना साधा चुना, अंगावर सुती पासोडी, आणि खिडकीला वारा मोकळा.

आता उजेडाचे. डोक्यावरच्या पांढऱ्या नळीच्या दिव्याखाली कोरीव काम सपाट दिसते. तोच लहान, पिवळसर दिवा पलंगाच्या बाजूला, कमी उंचीवर ठेवा. मग वेलीच्या प्रत्येक वळणाची सावली पडते आणि लाकूड जिवंत वाटू लागते. खर्च म्हणाल तर एका दिव्याचा, बरं का!

लाकडाची पारख अशी. सागाच्या गडद गाभ्यात तेलकट अंश असतो, त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. बाहेरचे फिके लाकूड मात्र ती खाते. शिसवाचे झाड फार सावकाश वाढते. २०१७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. म्हणजे माळ्यावरचा तुकडा पुन्हा सहज मिळणारा नाही.

तो खाली काढलात, तर आधी कोरड्या मऊ कुंचल्याने नक्षीतली धूळ काढा. ओल्या फडक्याने ती चिखल होऊन खाचांत बसते. मग जवसाचे तेल अगदी पातळ लावून, उरलेले पुसून घ्या. एक सावधगिरी विसरू नका : तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापून पेटू शकतो. चिंध्या बाहेर पसरून वाळवा, मगच टाका. तैलरंग मुळीच फासू नका. त्याने नक्षी बुजते. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून सांधे किंचित हलले तर खिळे न ठोकता जाणत्या सुताराला दाखवा. पायांखाली दगडाच्या चकत्या ठेवा आणि भिंतीपासून वीतभर अंतर सोडा, म्हणजे ओल लागणार नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. गावातल्या जुन्या घरांतली नक्षी मुलांना कागदावर उतरवायला सांगा. मोर कुठे, कमळ कुठे, हे मुले घरी जाऊन विचारतील. मुलाने विचारलेली वस्तू बाप सहसा मोडीत घालत नाही.

आमचा पलंग गेला तो गेला. तुमचा अजून माळ्यावर असेल, तर सुनेला आणि मुलाला बोलावून दाखवा. निवड त्यांची, पण विकण्यापूर्वी दाखवा.