संख्येचे झाड

शेंदूरजनाघाट म्हणजे संत्र्यांचा मुलूख. सहा मीटर बाय सहा मीटर अंतरावर लागवड केली तर हेक्टरी २७७ झाडे बसतात, असा हिशेब शेतीच्या पुस्तकांत असतो. १०,००० ला ३६ ने भागून आलेला हा आकडा. ही २७७ झाडे सारख्या ओळींत मांडून दाखवा, असे मुलांना सांगावे. २, ३, ५, ७, ११, १३ यांपैकी कशानेच भाग जात नाही. १७ चा वर्ग २८९. तेव्हा १७ किंवा त्याहून मोठा अवयव असता, तर त्याचा जोडीदार १७ हून लहान असता आणि तो आधीच सापडला असता. म्हणजे २७७ ही मूळ संख्या. ओळ एकच, लांबलचक!

आता ३६० झाडे घेऊ. एक गट १८ × २० म्हणेल, दुसरा ३६ × १०. फळ्यावर ३६० खाली दोन फांद्या काढून त्या फोडत जावे. मूळ संख्या आली की फांदी थांबवावी. (९१ पाशी मुले हमखास थांबतात. ते ७ × १३ आहेत.) १ ला फांदी देऊ नये, नाहीतर झाड संपणारच नाही. दोन्ही झाडे दिसायला वेगळी, पण टोकांना तेच: २, २, २, ३, ३, ५.

यात नवल ते काय, असे मुलांना वाटते. आमच्या मते खरा धडा इथेच आहे. समजा, जगात फक्त सम संख्याच आहेत. तेथे २, ६ आणि १८ फुटत नाहीत, कारण ३ आणि ९ तेथे नाहीतच. मग ३६ = ६ × ६ आणि ३६ = २ × १८. एकाच संख्येची दोन झाडे, आणि टोके निराळी! ६ ने ३६ ला भाग जातो, पण त्या जगात २ लाही जात नाही आणि १८ लाही नाही. आपल्या संख्यांत असे घडत नाही. मूळ संख्येने गुणाकाराला भाग गेला, तर गुणल्या गेलेल्या एका तरी संख्येला जातोच. एकच उत्तर येते ते यामुळे. याची काटेकोर सिद्धता गाउसने १८०१ च्या ग्रंथात दिली.

सरावाला देवळालीचे गणितशिक्षक द. रा. कापरेकर यांची ६१७४ ही संख्या द्यावी. निम्म्या वर्गाने ६३ × ९८ पासून सुरुवात करावी, उरलेल्यांनी ४२ × १४७ पासून.