चंद्राजवळून आलेले ठोके

ऑगस्ट १९७१. 'अपोलो १५'चे डेव्हिड स्कॉट आणि जेम्स अर्विन चंद्रावरची कामं उरकून मुख्य यानात परतले होते. इकडे ह्यूस्टनच्या डॉक्टरांना अर्विन यांच्या ईसीजीत भलतंच काही दिसत होतं: एक नेहमीचा ठोका, त्याच्या पाठोपाठ एक अवेळी ठोका, मग क्षणभर विसावा, पुन्हा तीच जोडी. माणूस जवळजवळ चार लाख किलोमीटर दूर, आणि त्याच्या छातीवर उमटणारी जेमतेम मिलिव्होल्टभर वीज इथे डोळ्यांसमोर!

ही वीज येते क्षारांच्या ये-जा करण्यातून. सोडियम आणि कॅल्शियम हृदयाच्या पेशीत शिरले की ठोक्याची लाट उठते. पोटॅशियम बाहेर पडलं की पेशी सावरते. रक्तात पोटॅशियम कमी असेल, तर हे सावरणं लांबतं आणि तेवढ्यात एखादी आगाऊ पेशी स्वतःच ठोका सुरू करते. डॉक्टरांचा संशय पोटॅशियमवरच गेला. 'अपोलो १६'च्या संत्र्याच्या रसात ते मुद्दाम घातलं गेलं. पण १९७३ मध्ये अर्विन यांना हृदयविकाराचा झटका आला. म्हणजे मूळ दुखणं आधीपासूनच असेल का? मला तरी सगळा दोष पोटॅशियमवर टाकणं पटत नाही.

कारण वजनरहित अवस्थेत हृदयाचं सगळंच बदलतं. पायांकडचं रक्त छाती-डोक्याकडे सरकतं, शरीर 'जास्तीचं' पाणी कमी करतं, आणि रक्त वर चढवायचे कष्ट उरत नाहीत म्हणून हृदयाचा स्नायू रोडावतो. अंतराळवीर स्कॉट केली २०१५-१६ मध्ये ३४० दिवस अंतराळ स्थानकात राहिले. नेमाने व्यायाम करूनही त्यांच्या हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचं वजन पाव हिश्श्याहून अधिक घटलं, तरी हृदय काम चोख करत होतं! विजेची लाट धावते ती याच स्नायूतून. महिनोन्‌महिने वर राहून आलेल्यांच्या ईसीजीत ठोक्यानंतर सावरायचा काळ किंचित लांबलेला आढळला आहे.

१९८७ मध्ये 'मीर' स्थानकावर अंतराळवीर अलेक्सांद्र लावेयकिन यांचे ठोके अनियमित दिसले, तेव्हा सोव्हिएत डॉक्टरांनी त्यांना मुदतीआधीच खाली आणलं. मंगळाच्या वाटेवरून असं परत बोलावता येणार नाही. मंगळावरून ईसीजी पृथ्वीवर पोचायलाच कधी कधी २० मिनिटांहून जास्त लागतील. तो वाचणारा डॉक्टर यानातच हवा.