कॅमेऱ्याचा भाव कोठे उतरतो?

नागपूर–वर्धा लोहमार्गावरील सिंदी (रेल्वे) हे सेलू तालुक्यातील गाव तान्ह्या पोळ्यासाठी प्रसिद्ध आहे. वर्धा शहराला लागून सिंदी (मेघे) नावाचे दुसरे गाव असल्यामुळे पत्त्यातील कंसातला ‘रेल्वे’ हा शब्द गाळून चालत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी नंदी सजवून बाहेर पडली, म्हणजे त्यांच्यामागोमाग कॅमेरेही बाहेर पडतात; आणि कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होऊन छायाचित्रकाराला उसंत म्हणून राहत नाही. अशा गावातील एखाद्या छायाचित्रकाराने दीड-दोन लाखांचा डिजिटल कॅमेरा घ्यावयाचे मनात आणले, तर त्याच्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. आज घ्यावा की भाव उतरेपर्यंत थांबावे? आणि घ्यावयाचा तर सीताबर्डीवरून, मुंबईहून, की परदेशातून येणाऱ्या एखाद्या आप्ताकरवी? ही रक्कम हौसेची नसते. बहुधा ती कर्जाऊ असते, आणि तिची फेड लग्नाच्या तिथींवर अवलंबून असते. तेव्हा भावाची ही चढउतार कशी होते, हे थोडे खोलात जाऊन पाहणे इष्ट होईल.

विजेवर चालणारी वस्तू जुनी झाली की स्वस्त होते, असा एक सार्वत्रिक समज आहे. डिजिटल कॅमेऱ्याच्या पूर्वायुष्याकडे पाहिले तर तो निराधार नाही. १९९१ साली कोडॅक कंपनीने व्यावसायिकांसाठी आणलेल्या कॅमेऱ्याची किंमत वीस हजार डॉलरच्या घरात होती, आणि चित्रातील बिंदू होते अवघे १३ लाख. १९९९ मध्ये निकॉनचा डी-१ सुमारे ५,००० डॉलरला आला. बिंदू २७ लाख. २००३ साली कॅननने ६३ लाख बिंदूंचा ३००-डी हा कॅमेरा भिंगाशिवाय ८९९ डॉलरला विकावयास काढला, तेव्हा मध्यमवर्गीय हौशी माणसाचा हात प्रथमच तेथवर पोहोचला. बारा वर्षांत भाव विसाव्या हिश्शावर आला आणि माल पाचपट चांगला झाला, असे सोने-धान्याच्या बाजारात कोणी सांगितले असते तर ऐकणाऱ्याने त्याला वेड्यात काढले असते.

ही उतरण मुख्यतः एका भागामुळे झाली. कॅमेऱ्याच्या पोटात प्रकाश टिपणारा जो संवेदक असतो, तो सिलिकॉनच्या पातळ गोल चकतीतून कापून काढतात. चकतीवर कोठे ना कोठे दोष राहतोच, आणि दोष ज्या तुकड्यात सापडेल तो तुकडा वाया जातो. तुकडा जितका मोठा, तितके एका चकतीतून कमी तुकडे निघतात आणि दोष सापडण्याचा संभवही तितकाच वाढतो. जुन्या फिल्मएवढा, म्हणजे ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा संवेदक ठेवणारे कॅमेरे अतिशय महाग असत, ते याच कारणाने. पुढे चकत्या निर्दोष निघू लागल्या. २००२ साली तेवढ्याच आकाराच्या संवेदकाचा कॅननचा कॅमेरा ७,९९९ डॉलरचा होता. २००५ साली त्याच कंपनीचा ५-डी ३,२९९ डॉलरला मिळू लागला.

परंतु ही कथा येथेच संपत नाही. किंबहुना येथून ती उलट दिशेने वाहू लागते. भ्रमणध्वनीत बऱ्यापैकी कॅमेरा आल्यावर किरकोळ कॅमेरे घेण्याचे लोकांनी सोडून दिले. जपानी उत्पादकांच्या संघटनेचे आकडे बोलके आहेत : २०१० साली जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे रवाना झाले होते, २०२० साली, महामारीच्या वर्षी, ही संख्या ९० लाखांच्याही खाली होती. कारखाना तोच, संशोधनाचा खर्च तोच किंवा अधिक, आणि तो वाटून घेणारी गिऱ्हाइके मात्र मूठभर. उत्पादकांनी स्वस्त कॅमेरे जवळजवळ सोडले आणि भारी कॅमेऱ्यांवर भिस्त ठेवली. त्याचा परिणाम किमतीत स्वच्छ दिसतो. कॅननच्या ५-डी मालिकेचा दुसरा अवतार २००८ साली २,६९९ डॉलरला आला, तिसरा २०१२ साली ३,४९९ डॉलरला; त्यांचा वारस मानला जाणारा आर-५ २०२० साली ३,८९९ डॉलरला आणि त्याची दुसरी आवृत्ती २०२४ साली ४,२९९ डॉलरला. चलनवाढीचा वाटा यात आहेच. तथापि नव्या पिढीचा भारी कॅमेरा मागच्यापेक्षा स्वस्त निघेल, ही आशा आता धरता येत नाही.

मग भाव उतरतो तो कोणाचा? तो एकाच नमुन्याचा, त्याच्या आयुष्यात, आणि तोही जिन्याच्या पायऱ्यांसारखा. बाजारात आल्यापासून पहिले काही महिने कंपनी किंमत सोडीत नाही, कारण घाई असलेले गिऱ्हाईक तेवढे देण्यास तयार असते. प्रतिस्पर्ध्याने तोलामोलाचा कॅमेरा आणला की पहिली पायरी उतरते. आपल्याकडे दसरा-दिवाळीला सवलतीच्या रूपाने दुसरी. आणि नवा अवतार जाहीर झाल्यावर उरलेला माल खपविण्यासाठी शेवटची व सर्वांत मोठी. दोन पायऱ्यांच्या दरम्यान महिनोन्महिने थांबूनही काही हाती लागत नाही.

कधी कधी तर जिना वरच चढतो. २०११ च्या ऑक्टोबरात थायलंडमधील अयुथया येथे महापूर आला, निकॉनचा कारखाना पाण्याखाली गेला, आणि वाट पाहत बसलेल्यांना तोच माल मिळेनासा झाला. फुजीफिल्मचा एक्स-१००-व्ही हा छोटेखानी कॅमेरा २०२० साली १,३९९ डॉलरला आला. दोन-तीन वर्षांनी तरुण मंडळींत त्याची अशी काही टूम निघाली की वापरलेला कॅमेराही नव्याच्या किमतीहून अधिक भावाने जाऊ लागला.

आता स्थळाचा प्रश्न. सिंदीसारख्या आडगावी माल महाग पडतो, कारण तो दुरून येतो, असे म्हणण्याची रीत आहे. सिमेंटच्या गोणीला ती लागू पडेल, कॅमेऱ्याला नाही. दोन लाखांची वस्तू किलोभर वजनाची असते. मुंबईहून सिंदीपर्यंतचे तिचे भाडे किमतीच्या मानाने नगण्य होय. २०१७ साली सिंदीजवळ कोरड्या बंदराचा शिलान्यास झाला, तेव्हा गावाचे नाव मालवाहतुकीच्या नकाशावर आले. समुद्रावर आलेले लोखंडी पेटारे रेल्वेने थेट आत आणून सीमाशुल्काचे सोपस्कार तेथेच उरकावयाचे, ही अशा बंदराची कल्पना. कापूस, यंत्रे अशा वजनदार मालाला तिचा उपयोग उघड आहे. पण थोडक्या वजनात मोठी किंमत सामावणारा माल विमानानेही परवडतो. कॅमेरा त्या जातीचा, म्हणून बंदरामुळे त्याचा भाव उतरण्याचे कारण नाही.

गावोगावचा खरा फरक पूर्वी करांनी उत्पन्न केला होता. राज्याराज्यांचे मूल्यवर्धित कराचे दर निरनिराळे होते. महाराष्ट्रात सर्वसाधारण दर २००५ पासून बरीच वर्षे साडेबारा टक्के होता. त्यावर शहराच्या वेशीवरची जकात. नागपुरात २०१३ साली जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला. मुंबईत तर जकात नाके १ जुलै २०१७ पर्यंत उभे होते. त्या दिवशी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि कराच्या बाबतीत सिंदी, नागपूर, मुंबई व चेन्नई ही एका पंक्तीला बसली. वेष्टनावरील छापील कमाल किंमतही सर्व करांसहित असते. तरीही दोन दुकानांत चार-पाच हजारांचे अंतर पडते, ते दुकानदार आपल्या नफ्यातून किती सोडतो यामुळे. छापील किंमत ही कमाल असते, किमान नव्हे, हे पुष्कळ गिऱ्हाइके विसरतात.

या एकसारख्या कराचा प्रारंभ मात्र कडू होता. डिजिटल कॅमेऱ्यावर प्रथम २८ टक्के कर बसला. १ जानेवारी २०१९ पासून तो १८ टक्के झाला. दहा टक्के कर कमी झाला म्हणजे किंमत दहा टक्के उतरणार, असे अनेकांनी गृहीत धरले. हिशेब तसा नाही. कराविना लाखाचा कॅमेरा पूर्वी १,२८,००० रुपयांना पडे, नंतर १,१८,००० रुपयांना. म्हणजे गिऱ्हाइकाच्या दृष्टीने उतार पावणेआठ टक्क्यांच्या आसपास.

येथे एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे, आणि त्याची चर्चा क्वचितच होते. पुण्यातील नोंदणीकृत स्टुडिओ हाच कॅमेरा घेतो तेव्हा १८,००० रुपयांचा कर आपल्या गिऱ्हाइकांकडून घेतलेल्या करातून वळता करून घेतो. त्याला कॅमेरा लाखालाच पडला. वर्षाची उलाढाल वीस लाखांपेक्षा कमी असलेल्या, नोंदणी न केलेल्या छायाचित्रकाराला ही वजावट नाही. त्याच्या खिशातून पुरे १,१८,००० जातात. तो स्वेच्छेने नोंदणी करू शकतो, परंतु मग लग्नघरच्या बिलावरही त्याला १८ टक्के लावावे लागतील, आणि वरपिता ते आनंदाने देईल अशी शाश्वती कोणी द्यावी? कराचा दर देशभर एक झाला. कॅमेऱ्याची किंमत मात्र गावागावांऐवजी गिऱ्हाइका-गिऱ्हाइकांत वेगळी राहिली.

देशोदेशींच्या किमतींची तुलना करणारे तर हमखास फसतात. अमेरिकेत जाहीर होणारी किंमत विक्रीकरावाचून असते आणि तो कर राज्यपरत्वे बदलतो. ऑरेगॉनमध्ये तो नाहीच. जर्मनीतील किमतीत १९ टक्के कर आधीच मिळविलेला असतो, इंग्लंडात २० टक्के. हा भाग वजा केल्यावर युरोपची ‘महागाई’ पुष्कळशी वितळून जाते. दुसरी गोष्ट हुंडणावळीची. २००७ च्या अखेरीस डॉलरला सुमारे ३९ रुपये पडत. २०१३ च्या ऑगस्टात ६८ पडू लागले. परदेशात २,००० डॉलरवर स्थिर असलेला कॅमेरा, कंपनीने किंमत न वाढविताच, येथे ७८,००० वरून १,३६,००० वर जाऊ शकतो. याउलट २०२४ च्या जुलैत येन डॉलरमागे १६० च्या पलीकडे घसरला, आणि जपानात जाणाऱ्या प्रवाशांना तेथील दुकाने एकाएकी स्वस्त वाटू लागली.

मग जपानहूनच का न आणावा? सीमाशुल्काकडे पाहिले म्हणजे मौज वाटते. स्थिर चित्रांसाठीचे डिजिटल कॅमेरे १९९६ च्या आंतरराष्ट्रीय माहिती-तंत्रज्ञान कराराखाली येतात. भारताच्या २०१२ च्या अधिसूचनेने त्यांना मूळ आयात शुल्कातून सूट दिली, पण अट घातली : कॅमेरा ठराविक दर्जाचे चलचित्र सलग तीस मिनिटे घेऊ शकत असेल तर सूट नाही. युरोपच्या जकात-नियमांतही हीच मर्यादा होती. मंगलाष्टके रंगात आली असताना कॅमेरा २९ मिनिटे ५९ सेकंदांवर आपोआप का थांबतो, याचे मूळ पुष्कळदा यंत्रात नसून जकातीच्या पुस्तकात असे. या सुटीवरून भारतात २०१४ साली कंपन्यांना नोटिसा गेल्या. नोटीस काढण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्यांना होता की नाही, एवढ्याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०२१ रोजी कॅनन कंपनीच्या बाजूने निर्णय दिला, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी पुनर्विलोकनात तो फिरविला.

प्रवाशाच्या पिशवीला निराळाच न्याय लागतो. २०१६ च्या नियमांनी बहुतेक देशांहून परतणाऱ्यास ५०,००० रुपयांपर्यंतच्या मालावर सूट दिली होती. त्यावरील रकमेला अधिभारासह साडेअडतीस टक्के शुल्क पडे. कंपनीच्या पेटाऱ्यातून येताना जी वस्तू मूळ आयात शुल्कातून मुक्त, तीच आप्ताच्या हातातून आली की अशी महाग! या मर्यादा शासन वेळोवेळी बदलते, म्हणून प्रवासाच्या वेळचा चालू नियम पाहणे आवश्यक असते.

शुल्क चुकवून अथवा कंपनीच्या अधिकृत मार्गाबाहेरून आलेला माल मुंबईच्या फोर्ट भागातील बोरा बाजारात काय, दिल्लीच्या चांदणी चौकात काय, दबक्या आवाजात ‘बिलाशिवाय’ म्हणून विकला जातो. तो दहा-पंधरा हजारांनी स्वस्त असला, तर त्यात नवल नाही. कारण त्यातून कर आणि हमी या दोन वस्तू काढून घेतलेल्या असतात. मधोमध पडदा बिघडला तर कंपनीचे भारतातील सेवाकेंद्र हमीखाली दुरुस्ती करील असे नाही, आणि पावती नसल्यामुळे विमा व चोरीची फिर्याद दोन्ही लंगडी पडतात. त्यातून सोनीचे खास जपानी बाजारासाठी केलेले पुष्कळ कॅमेरे पडद्यावर केवळ जपानी भाषाच दाखवितात. लग्नमंडपात ती वाचीत बसण्यास वेळ कोणाला?

राहता राहिला थांबण्याचा प्रश्न. समजा, दोन लाखांच्या कॅमेऱ्याचा नवा अवतार माघात येईल आणि जुन्याचा भाव २०,००० ने उतरेल, असा रंग दिसतो आहे. तुळशीच्या लग्नापासून माघापर्यंत सिंदीच्या त्या छायाचित्रकाराला बारा लग्ने आहेत, आणि दर लग्नाला नागपूरहून २,००० रुपये भाड्याने कॅमेरा आणावा लागतो. भाडेच २४,००० होते. आणण्या-पोहोचविण्याच्या गाडीभाड्याचा हिशेब वेगळा. लग्ने चारच असतील तर भाडे आठ हजारांवर थांबते, आणि मग माघापर्यंत थांबण्यात बारा हजारांचा लाभ आहे.