नदीनं ओलांडलेलं गाव

संपादकांनी अमेरिकेतल्या एखाद्या लहानशा नदीकाठच्या गावावर लिहायला सांगितलं. मी इलिनॉयमधलं कॅसकॅस्किया निवडलं, ते तिथल्या घंटेपायी.

गावाचा इतिहास मोठा आहे. १७०३ साली फ्रेंच जेझुइट पाद्री आणि कॅसकॅस्किया आदिवासींची इथे वस्ती झाली. १७७८मध्ये जॉर्ज रॉजर्स क्लार्कनं ते ब्रिटिशांकडून घेतलं. १८१८मध्ये इलिनॉय राज्य झालं तेव्हा राजधानी इथंच होती, पण दोनच वर्षांत ती व्हँडेलियाला गेली.

घंटा मात्र गाव सोडून गेली नाही. १७४१मध्ये फ्रान्समधल्या ला रोशेलला ती ओतली आणि राजा पंधराव्या लुईनं इथल्या चर्चला धाडली. वजन जवळपास ३०० किलो. मिसिसिपीवर पहिली आगबोट यायला अजून सत्तर वर्षं होती, म्हणजे न्यू ऑर्लिन्सपासून प्रवाहाविरुद्ध हा धातू माणसांनी नावेतून ओढत आणला. अंगावर फ्रेंच अक्षरं, राजघराण्याची लिलीची फुलं, क्रूस आणि आता एक तडा. वसईच्या विजयानंतर मराठ्यांनी आणलेली नाशिकच्या नारोशंकराची घंटा तिच्याच पिढीतली, आणि तीही नदीकाठीच. कॅसकॅस्कियाच्या घंटेखाली मात्र जमीनच टिकली नाही.

आगबोटी आल्या, त्यांच्या भट्ट्यांसाठी काठावरची झाडं तोडली गेली. मुळं गेली, काठ ढासळू लागले, पात्र रुंदावलं. १८८१च्या पुरात मिसिसिपी चिंचोळी जमीन फोडून शेजारच्या कॅसकॅस्किया नदीच्या पात्रात घुसली. जुनं गाव हळूहळू गिळलं गेलं. कबरींमधले अवशेष पलीकडच्या टेकडीवर हलवले, चर्च दक्षिणेला नेलं. राज्याची हद्द जुन्या पात्रातच राहिली. त्यामुळे इलिनॉयचं हे गाव आज मिसिसिपीच्या पश्चिमेला आहे. तिथे जायचं तर मिसुरीतल्या सेंट मेरीहून, आणि टपालाचा क्रमांकही मिसुरीचाच.

काळजी वाटते ती बांधाची. भोवती मातीचा बांध आहे, पण १९९३च्या जुलैत तो हरला आणि अख्खं गाव बुडालं. चर्चमध्ये पुरुषभर उंचीच्याही वर पाणी होतं. शेतं पुन्हा उभी राहिली, माणसं फारशी परतली नाहीत. २०२०च्या जनगणनेत गावात २१ जण होते.

एवढ्या थोड्यांसाठी बांधावर पैसा कशाला, हा प्रश्न हिशेबाचा आहे आणि तो कुणीही विचारेल. पण काठ उघडे पाडले ते साऱ्या खोऱ्याच्या व्यापारानं. म्हणून बांध राखण्याचा भार त्या एकवीस जणांवर सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.