कोयत्याला म्यान हवे, म्यानाला बंद हवा

सुगी तोंडावर आली की घरोघरी विळे-कोयते बाहेर निघतात आणि लोहाराकडे धार लावून घेण्याची घाई होते. परंतु ही धारेची वस्तू घरापासून शेतापर्यंत न्यायची कशी, याचा विचार फार थोडे जण करतात. कोणी कोयता कमरपट्ट्यात खोचतो, कोणी पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला लावतो, तर कोणी पिशवीत घालून मोटारसायकलच्या हँडलला अडकवतो. ओल्या बांधावर पाय घसरला, की तेच पाते आपल्या मांडीत किंवा मागून येणाऱ्या लेकराच्या अंगात शिरते. म्हणून या वेळी आम्ही चामड्याच्या म्यानाविषयी थोडी माहिती देत आहोत.

आकडी, म्यान आणि बंद

कोकणात व गोव्यात कमरेमागे लाकडी आकडी बांधून तीत कोयता अडकवण्याची पद्धत जुनी आहे. दोन्ही हात मोकळे राहतात आणि कोयता चटकन हाती येतो, हा तिचा गुण. पाते उघडे राहते, ही तिची उणीव. म्यानाने पाते झाकले जाते, पण नुसते म्यान पुरेसे नाही. सरळ सुरीचे म्यान ओले असताना दाबून बसवले की वाळल्यावर ते सुरीला घट्ट धरते. कोयत्याचे पाते पुढे रुंद आणि वाकडे असते. म्यानाचे तोंड पात्याच्या सर्वांत रुंद भागाएवढे ठेवावेच लागते, आणि तोंड रुंद म्हणजे पकड सैल. ती उणीव मुठीच्या गळ्यावरून जाणारा बंद भरून काढतो. म्हणून बंद ही शोभेची वस्तू नव्हे. खरे रक्षण तोच करतो.

चामडे कोणते घ्यावे?

बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले, ३ ते ४ मि.मी. जाडीचे चामडे उत्तम. ते ताठ राहते आणि आकार सोडत नाही. आपल्या सीमाभागाला यासाठी दूर जावे लागत नाही. अथणी, निपाणी व कोल्हापूरकडे चपलांसाठी हेच चामडे वापरतात. याच कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, व त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर हे कर्नाटकाचे चार जिल्हेही आहेत. पिशव्यांचे मऊ चामडे म्यानाला घेऊ नये. ते दुमडते आणि पात्याचे टोक त्यातून बाहेर येते.

म्यान कसे करावे?

१. कोयता पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीने आकार काढावा व भोवती दीड ते दोन सें.मी. जागा सोडावी. असे दोन पदर कापावेत. मागचा पदर तोंडापेक्षा सात-आठ सें.मी. उंच ठेवावा. कमरपट्टा ओवण्याची पट्टी आणि बंद यांवरच बसतात.

२. धारेच्या बाजूला दोन पदरांच्या मध्ये चामड्याची एक जाड पट्टी घालावी. ही पट्टी विसरू नये. ती नसेल तर धार थेट शिवणीवर येते आणि काही दिवसांत दोरा कापून टाकते.

३. जेवणाच्या काट्याने दाबून सारख्या अंतराच्या खुणा कराव्यात, आरीने भोके पाडावीत आणि मेण लावलेल्या जाड दोऱ्याने दोन सुयांनी शिवावे. अशा शिवणीत एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. तोंडाशी दोन्ही बाजूंना तांब्याचे रिव्हेट मारावेत.

४. तळाशी लहानसे भोक ठेवावे, म्हणजे पाणी व चीक आत साचत नाही.

बंद कसा लावावा?

बंद दोन सें.मी. रुंद असावा. त्याचे मूळ पात्याच्या पाठीच्या बाजूला रिव्हेटने बसवावे. तो मुठीच्या गळ्यावरून समोरून यावा आणि धारेच्या बाजूला पितळी टिचबटणाने मिटावा. मग उघडलेला बंद पाठीकडे पडतो आणि कोयता काढताना धारेखाली येत नाही. बटणाची जागा आधी ठरवू नये. कोयता म्यानात घालून, बंद ताणून मगच खूण करावी, कारण चामडे वापराने ढिले पडते. टिचबटण न मिळाल्यास चामड्याची घुंडी व काज चालते. बंद एका हाताच्या अंगठ्याने उघडता आला पाहिजे. माडावर दुसरा हात मोकळा नसतो. डावखुऱ्या माणसाने म्यान उलट बाजूने करून घ्यावे.

म्यान तयार झाले की ते गवताच्या गंजीवर उलटे धरून जोराने हलवावे. जवळ कोणी उभे राहू नये. कोयता जागचा हलला नाही, तरच म्यान कमरेला बांधावे. ते कमरेच्या बाजूला असावे. पाठीच्या कण्यावर नको, कारण उताणे पडल्यास कण्याला मार बसतो.

काम संपल्यावर पाते पुसून, तेलाचा हात फिरवून वेगळे ठेवावे. रात्रभर ओल्या म्यानात ठेवले तर ते गंजते. म्यान सावलीत वाळवावे, चुलीजवळ नको. अधूनमधून थोडे मेण चोळावे.

तरीही जखम झाली तर

स्वच्छ कापड जखमेवर ठेवून दहा मिनिटे सलग दाबून धरावे. मध्येच उचलून पाहू नये. रक्त थांबल्यावर वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावे. तंबाखू, चुना, हळद किंवा शेण लावू नये. धनुर्वाताचे जंतू माती-शेणात असतात. मातीने माखलेली जखम असेल आणि शेवटची लस घेऊन पाच वर्षे झाली असतील, तर डॉक्टरांना विचारून लस घ्यावी. बोट वाकत नसेल, बधिर झाले असेल किंवा रक्त थांबत नसेल, तर त्याच क्षणी दवाखाना गाठावा.

संत क्रिस्पिन व संत क्रिस्पिनियन हे चर्मकारांचे पालक संत. त्यांचा सण २५ ऑक्टोबरला, ऐन सुगीत येतो. हे काम ज्यांना स्वतः जमत नाही त्यांनी गावच्या चर्मकाराकडे आपला कोयता घेऊन जावे, वरील गोष्टी समजावून सांगाव्यात आणि मजुरीत घासाघीस करू नये. ज्याच्या हातचे म्यान आपल्या घरच्या माणसांना सांभाळते, त्याच्या कष्टाचे पूर्ण मोल देणे हे आपले कर्तव्यच आहे.